नेमणूक होते, माणूस टिकत नाही

खेड्यातल्या आरोग्य केंद्रातून कुणी राजीनामा दिला की अर्जात कारण ठरलेलं असतं: "वैयक्तिक कारणास्तव". अर्ज मंजूर होतो, जागा रिकामी होते आणि रिकाम्या जागांच्या यादीत एक आकडा वाढतो. लोकांमध्ये मात्र चर्चा दोनच कारणांची होते. एक, पगार कमी. दोन, हल्ली सेवाभाव राहिला नाही. पहिलं कारण बैठकांमध्ये चालतं, दुसरं भाषणांमध्ये. दोन्हींत बोट दाखवलं जातं ते जाणाऱ्या माणसाकडे. तो ज्या जागेवरून गेला ती जागा कशी होती, हे सहसा कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. माणूस खेड्यात नोकरीला येतो ती कारणं वेगळी आणि तिथून जातो ती कारणं वेगळी. पगार, पहिली पक्की नोकरी, पुढच्या शिक्षणासाठी मिळणारे गुण ही येण्याची कारणं. जाण्याची कारणं मात्र ड्युटीच्या तक्त्यात, औषधांच्या कपाटात, राहायच्या खोलीत आणि बदलीच्या फायलीत सापडतात. आपण येण्याची कारणं वाढवत बसतो आणि माणसं जातच राहतात.

आधी दुखणं किती मोठं आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्यासाठी शिफारशी काढल्या, तेव्हा चित्र असं होतं: जगातली साधारण निम्मी माणसं ग्रामीण भागात राहत होती, पण नर्सेसपैकी ३८ टक्के आणि डॉक्टरांपैकी २५ टक्क्यांहूनही कमी तिथे काम करत होते. २०२१ मध्ये याच शिफारशी सुधारून पुन्हा काढाव्या लागल्या. म्हणजे दुखणं चिवट आहे. ते नवंही नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात वर्षानुवर्षं काम करत होते. १९७१ साली त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक गोष्ट नेमकी पकडली: जिथे चांगल्या उपचारांची गरज सगळ्यात जास्त, तिथेच ते सगळ्यात कमी मिळतात. आणि आरोग्यसेवा जितकी बाजाराच्या हाती जाते, तितका हा उलटा हिशेब घट्ट होत जातो.

येणं आणि टिकणं वेगळं, ही कल्पना मी काही शोधून काढलेली नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली नोकरदारांचा अभ्यास करून साधारण असंच मांडलं होतं. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाच्या जागेची स्थिती या गोष्टी कमी पडल्या की माणूस वैतागतो, पण त्या पुरेशा असल्या म्हणून तो रमतोच असं नाही. रमण्यासाठी काम जमतंय असं वाटावं लागतं, काही शिकायला मिळावं लागतं, कुणीतरी दखल घ्यावी लागते. त्याच्या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले. खेड्यातल्या आरोग्य केंद्राला मात्र ती चांगलीच लागू पडते, कारण तिथे बऱ्याचदा वैतागायची कारणं सगळी हजर असतात आणि रमायची कारणं नसतात.

एक गेली की दुसरीचं काय होतं

आता एक साधं गणित करू. आठवड्याचे तास १६८. एका केंद्रात चोवीस तास बाळंतपणं होतात, म्हणजे कुणीतरी नर्स कायम हजर पाहिजे. चार नर्स असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ४२ तास येतात. ठीक आहे, हे माणसाचं काम झालं. एकीने नोकरी सोडली, तीन उरल्या: ५६ तास. हेही ओढून नेता येतं, कुरकुर करत. अजून एक गेली, दोन उरल्या: ८४ तास. म्हणजे रोज बारा तास, सातही दिवस. साप्ताहिक सुट्टी नाही. आणि या दोघींपैकी एक आजारी पडली किंवा तिच्या घरी लग्न निघालं, तर दुसरीचे तास १६८.

या गणितात एक गोम आहे. पहिली नर्स गेली तेव्हा उरलेल्या तिघींवरचं काम एक तृतीयांशाने वाढलं. तिसरी गेली तेव्हा उरलेल्या एकीवरचं काम दुप्पट झालं. पुढच्या प्रत्येक जाण्याचा भार आधीच्यापेक्षा जास्त पडतो. म्हणून खेड्यातलं केंद्र हळूहळू रिकामं होत नाही. बरेच दिवस कसंबसं चालतं आणि मग काही महिन्यांत ढासळतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एकदम सगळ्यांना काय झालं? झालेलं काहीच नसतं, पहिली जागा वेळेवर भरली गेली नव्हती इतकंच.

त्यात कागदाचं काम वेगळं. लसीकरणाचं रजिस्टर, गरोदर बायकांचं रजिस्टर, औषधसाठ्याचं, क्षयरोगाचं, शिवाय तीच माहिती पुन्हा मोबाइलमधल्या ॲपवर. माणसं चारावरून दोनवर आली तरी रजिस्टरं तेवढीच राहतात. वरून तपासणीला येणारा साहेब बाळंतीण बघत नाही, रजिस्टर बघतो. रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी पहिला प्रश्न येतो तो अहवाल का पाठवला नाही, हा. यातून जो वैताग येतो तो पगाराच्या आकड्याने भरून निघत नाही.

रात्रीचे दोन वाजलेत

आता हेच केंद्र रात्री बघू. ही एका ठरावीक ठिकाणची हकीकत नाही. अशी रात्र खेड्यात काम केलेल्या बहुतेक नर्सेसना ओळखीची वाटेल.

बाळंतपण नीट झालं. बाळ रडलं. आणि मग बाईचं रक्त थांबेना. बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं तर तो धोका मानतात. मातामृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. उपचार नर्सला पाठ आहेत. पोटावरून गर्भाशय चोळायचं, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं, सलाईन लावायचं, रक्त थांबलं नाही तर पुढच्या रुग्णालयात पाठवायचं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. फ्रीज आहे, पण दुपारपासून वीज नव्हती. म्हणजे हातातलं इंजेक्शन काम करेल की नाही, हे तिला देताना माहीत नाही. दुसरं औषध महिन्यापूर्वी संपलं, मागणीपत्र गेलं आहे. गाडी दुसरा रुग्ण घेऊन गेली आहे. डॉक्टरची जागा रिकामी आहे. दाराशी नातेवाईक उभे आहेत आणि त्यांच्या नजरेत या खोलीतली सगळ्यात मोठी डॉक्टर तीच आहे.

बाई वाचली तर ती रात्र कुठेच नोंदली जात नाही. बाई गेली तर चौकशी बसते. चौकशीत फ्रीजला कुणी विचारत नाही, नर्सला विचारतात.

काय करायचं ते नेमकं माहीत असणं आणि ते करता न येणं, या कोंडीने आरोग्य कर्मचारी आतून जितका पोखरला जातो तितका कशानेच जात नाही, असं मला वाटतं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातही मृत्यू होतात, पण तिथे निर्णय वाटला जातो. शेजारी सिनियर असतो, खाली रक्तपेढी असते, चुकलं तरी "आपण सगळं केलं" असं एकमेकांना सांगायला माणसं असतात. खेड्यात ती एकटी असते आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावातून तिला चालत जायचं असतं. अशा दोन-तीन रात्रींनंतर तिने बदलीचा अर्ज केला, तर त्याला सेवाभाव कमी पडला म्हणायचं?

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी दिलं जाणारं, उष्णतेत न बिघडणारं कार्बेटोसिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत २०१८ मध्ये आलं. मातामृत्यू रोखण्याचा उपाय म्हणून त्याची चर्चा होते. नर्स टिकवण्याचा उपाय म्हणून कुणी करत नाही, पण ते तसंही आहे. चालणारा फ्रीज, भरलेलं औषधाचं कपाट, रात्री उचलला जाणारा एक फोन यांचा माणसं टिकण्याशी संबंध पगाराइतकाच जवळचा आहे.

याला आधार आहे. अशा अभ्यासांची एक पद्धत असते: लोकांसमोर दोन-दोन काल्पनिक नोकऱ्या ठेवायच्या. एकीत पगार जास्त पण साधनं नाहीत, दुसरीत पगार कमी पण साधनं चांगली आणि वरिष्ठ समजूतदार. तुम्ही कुठली घ्याल? असे बरेच पर्याय विचारले की कुठल्या गोष्टीला लोक किती वजन देतात ते कळतं. घानामधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना असं विचारलं गेलं आणि २०१० साली निष्कर्ष छापून आले, त्यात चांगली साधनसामग्री आणि पाठीशी उभं राहणारं व्यवस्थापन यांनी सगळ्यात जास्त वजन घेतलं. हे विद्यार्थी होते, प्रत्यक्ष नोकरीतले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. पण नोकरीला लागण्याआधीच ज्यांना हे कळतं, त्यांना नोकरीत गेल्यावर ते जास्तच कळणार.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं आणखी एक दुखणं असतं. सर्जन नेमला, पण भूल देणारा नाही. भूल देणारा आला, तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, बंद. मग सर्जन दिवसभर सर्दी-खोकल्याची ओपीडी बघतो. वर्षभरात हात जड होतो, आणि हात जड होतोय हे त्यालाच सगळ्यात आधी कळतं. ज्याने दहा-बारा वर्षं ते कौशल्य कमवायला घालवली, तो ते गंजू देत बसणार नाही.

दवाखान्याबाहेरचे सोळा तास

घराचं बोलू. आरोग्य आणि सामाजिक सेवेतल्या जगभरच्या कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत. तरीही खेड्यातल्या नेमणुकीचा विचार करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर एकटा, सडाफटिंग तरुण डॉक्टर असतो. क्वार्टरच्या दाराला आतून कडी नीट लागते का, रात्री कॉल आला तर अंधारातून सोबत कोण येणार, दारू पिऊन आलेल्या नातेवाईकाला कोण आवरणार, हे प्रश्न नेमणुकीच्या आदेशात नसतात. राहणाऱ्या बाईच्या डोक्यात ते रोज असतात.

मग नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी. डॉक्टरशी लग्न केलेला माणूस बहुतेक वेळा शिकलेला असतो आणि त्याच्या शिक्षणाची नोकरी त्या गावात नसते. काही वर्षं दोन घरं चालवली जातात. मग मूल होतं. मग मूल शाळेत जायच्या वयाचं होतं. खेड्यातल्या आरोग्यसेवेतले कितीतरी राजीनामे मुलाच्या शाळाप्रवेशाच्या आसपास येतात, आणि त्यात काही वावगं नाही. ज्या गावात मुलाला चांगली शाळा नाही, त्या गावात चांगला डॉक्टर टिकावा ही अपेक्षाच विचित्र आहे. शाळा दुसऱ्या खात्याकडे असते, रस्ता तिसऱ्याकडे, वीज चौथ्याकडे, आणि डॉक्टर का टिकत नाही याचा जाब आरोग्य खात्याला विचारला जातो.

गावात खासगीपण नसतं हेही आहेच. बाजारात गेलात तरी कुणीतरी शर्ट वर करून गाठ दाखवतो. काहींना हे आवडतं, त्यातच त्यांना नोकरीचं सार्थक वाटतं. काहींना गुदमरायला होतं. दोन्ही स्वभाव प्रामाणिक आहेत.

याहून वाईट असते ती अनिश्चितता. कष्टाचं ठिकाण माणूस सोसतो, जर त्याला माहीत असेल की दोन वर्षं इथे, मग तालुक्याला, मग पुढच्या शिक्षणाची रजा. पण बऱ्याच ठिकाणी बदलीचे नियम कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक असतात. ज्याचा वशिला आहे तो शहराजवळ फिरत राहतो. ज्याचा नाही, त्याला "रिलीव्हर (तुमच्या जागी येणारा माणूस) आला की सोडतो" असं सांगितलं जातं आणि रिलीव्हर येत नाही. चांगलं काम करणाऱ्याला तर सोडतच नाहीत, कारण तो गेला तर केंद्र बंद पडेल! इमानदारीने टिकलेला माणूसच अडकतो, हे बाकीचे बघत असतात आणि त्यातून शिकतात: जायचं असेल तर लवकर जा. कंत्राटी कर्मचाऱ्याला तर दरवर्षी नूतनीकरणाची धास्ती. तो येतो तोच दुसरीकडे अर्ज करत.

निवड आणि शिक्षण

आतापर्यंत जे सांगितलं ते नोकरीवर रुजू झाल्यानंतरचं. पण पुष्कळसं जाणं त्याआधीच ठरलेलं असतं.

कर व्हाइट (Kerr White) या डॉक्टर-संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती वापरून एक हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसं घ्या. महिनाभरात त्यातल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचतो तो एक. भावी डॉक्टर शिकतो तो या एका माणसावर. बाकीच्या २४९ जणांची दुखणी, जी त्याला खेड्यात आयुष्यभर बघायची आहेत, ती त्याला शिकताना भेटतच नाहीत. साहजिकच त्याला खेड्यातलं काम म्हणजे वैद्यकाची दुय्यम आवृत्ती वाटते. त्याचे सगळे आदर्श शिक्षक सुपरस्पेशालिस्ट असतात. गावात गेलेला वर्गमित्र म्हणजे प्रवेश परीक्षेत मागे पडलेला, अशी समजूत वसतिगृहातच पक्की होते.

उलट बाजूने बघितलं तर टिकण्याबाबत सगळ्यात भक्कम पुरावा इथेच आहे: जो खेड्यात वाढला, तो खेड्यात टिकण्याची शक्यता जास्त. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, ट्रॉम्सो इथे, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वैद्यकीय शिक्षण सुरू केलं तेच उत्तरेत डॉक्टर टिकेनात म्हणून. पुढे तिथून बाहेर पडलेल्यांचा माग काढला तेव्हा निम्म्याहून जास्त डॉक्टर उत्तरेतच काम करत होते, आणि जे मूळचे उत्तरेतले होते त्यांच्यात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. कॅनडात याच विचाराने २००५ साली उत्तर ओंटारिओमध्ये नवं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जपानमध्ये १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ निघालं. तिथे प्रत्येक प्रांतातून मुलं निवडतात, शिक्षणाचा खर्च कर्जाऊ देतात, आणि विद्यार्थ्याने आपल्याच प्रांतात साधारण नऊ वर्षं नेमून दिलेल्या ठिकाणी काम केलं की कर्ज माफ. बहुतेकजण करार पाळतात. कुठे जायचं, किती वर्षं, त्यानंतर काय, हे सगळं प्रवेशाच्या दिवशीच ठाऊक असतं.

खेड्यातल्या मुलाला प्रवेश द्यायचा म्हणजे दर्जा खाली आणायचा, असा आक्षेप लगेच येतो. मला तो पटत नाही. जो डॉक्टर गावात थांबतच नाही, त्याच्या प्रवेश परीक्षेतल्या गुणांचा त्या गावाला उपयोग काय?

मग पगार आणि सक्ती?

पगाराला मी कमी लेखत नाही. मलावीमध्ये २००४ पासून ११ प्रकारच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना पगारावर ५२ टक्के वाढ देण्यात आली, सोबत प्रशिक्षणाच्या जागाही वाढवल्या. २००४ ते २००९ या काळात त्या देशातले आरोग्य कर्मचारी सुमारे ५३ टक्क्यांनी वाढले. ज्या देशात नर्सेस विमानाने बाहेर चालल्या होत्या, तिथे हे फार मोठं काम होतं. पण वाढ शहरातल्याला आणि खेड्यातल्याला सारखीच असेल तर माणूस देशात थांबतो, खेड्यात थांबेलच असं नाही. दुर्गम भागाचा वेगळा भत्ता दिला तर फरक पडतो, पण तो भत्ता वेळेवर मिळायला हवा. सहा महिने थकलेला भत्ता कागदावर असला काय, नसला काय.

सक्तीचा इतिहास मोठा आहे. मेक्सिकोने १९३६ मध्येच डॉक्टर होण्यापूर्वी समाजसेवेचं वर्ष आणलं. दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये सक्तीची सेवा सुरू केली. २०१० मध्ये मोजणी झाली तेव्हा सुमारे ७० देशांत अशी काही ना काही योजना सापडली. सक्तीने जागा भरते, हे खरं. ज्या गावात कधीच डॉक्टर नव्हता तिथे एक वर्षाचा का होईना, येतो. पण सगळ्यात नवखा माणूस सगळ्यात अवघड जागी, सगळ्यात कमी आधारावर पाठवला जातो. तो पहिल्या दिवसापासून कॅलेंडर बघतो. गावाला तो कळेपर्यंत दुसरा आलेला असतो. पैसे भरून बंधपत्रातून, म्हणजे ही सेवा करण्याच्या लेखी करारातून, सुटका करून घेता येत असेल, तर सक्ती फक्त गरीब डॉक्टरांनाच लागू होते.

मोझांबिकची कहाणी यातली सगळ्यात विचार करायला लावणारी आहे. यादवी युद्धात सर्जन उरले नाहीत म्हणून त्यांनी १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षं शस्त्रक्रियेचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. सिझेरियनसकट मोठ्या शस्त्रक्रिया ते करू लागले. २००२ सालच्या आकडेवारीप्रमाणे जिल्हा पातळीच्या रुग्णालयांतल्या मोठ्या प्रसूती-शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के त्यांनीच केल्या होत्या. सात वर्षांनी कोण कुठे आहे हे तपासलं, तेव्हा यांच्यातले ८८ टक्के जिल्ह्याच्या रुग्णालयातच होते. त्याच काळात नेमलेल्या डॉक्टरांपैकी तिथे एकही उरला नव्हता.

हा आकडा ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण जरा थांबा. हे लोक टिकले त्याचं एक कारण हेही आहे की त्यांची पदवी परदेशात चालत नाही. जाण्याचं दारच नाही, म्हणून थांबले. काम सर्जनचं आणि मान, पगार, बढती मात्र खालची, हे किती काळ न्याय्य म्हणायचं? माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. त्या बायकांना सिझेरियन मिळालं, हेही तितकंच खरं.

बाहेरची ओढ किती जबर असते हे थायलंडने दोन्ही बाजूंनी अनुभवलं. त्या देशाने एका उपायावर विसंबणं सोडून दिलं होतं: सक्तीची सेवा, दुर्गम भत्ता, ग्रामीण मुलांना प्रवेश, ग्रामीण डॉक्टरांची स्वतःची संघटना, आणि १९८०च्या दशकात शहरी रुग्णालयांवरचा नवा बांधकाम खर्च रोखून तो पैसा जिल्ह्यांतल्या रुग्णालयांकडे. हे सगळं एकमेकांना धरून होतं म्हणून चाललं. तरी १९९०च्या दशकात खासगी रुग्णालयांची भरभराट झाली तेव्हा जिल्ह्यांतून डॉक्टर भराभर निघून गेले. मग १९९७ चं आर्थिक संकट आलं, खासगी रुग्णालयं अडचणीत आली आणि डॉक्टर सरकारी सेवेकडे परतू लागले. खेड्यातल्या दवाखान्यात त्या दोन-चार वर्षांत काही फारसं बदललं नव्हतं. बदललं होतं ते शहर.

ही साखळी सीमेवर थांबत नाही. खेड्यातली नर्स तालुक्याला जाते, तालुक्याची राजधानीला, राजधानीची श्रीमंत देशात, आणि प्रत्येक जाण्याने खालची एक खुर्ची मोकळी होते. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने परदेशी भरतीसाठी आचारसंहिता केली, २०२३ मध्ये ५५ देशांची यादी काढली, जिथून श्रीमंत देशांनी जाहिराती देऊन माणसं उचलू नयेत. आचारसंहिता ऐच्छिक आहे, म्हणजे तिला दात नाहीत.

एकटेपणावर मात्र स्वस्तात इलाज होऊ शकतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. हेपेटायटिस-सी या यकृताच्या आजाराचे रुग्ण विद्यापीठाकडे पाठवण्याऐवजी गावोगावचे डॉक्टर दर आठवड्याला व्हिडिओवर तज्ज्ञांसमोर आपापले रुग्ण मांडू लागले आणि उपचार गावातच करू लागले. २०११ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात गावातल्या उपचारांचा निकाल विद्यापीठातल्या उपचारांच्या तोडीस तोड निघाला. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: आठवड्यातून एकदा त्या डॉक्टरला आपल्यासारखी चार माणसं दिसत होती आणि तो दर वेळी काहीतरी शिकून उठत होता.

शेवटी मोजण्याबद्दल. रिकाम्या पदांचा आकडा अर्धंच सांगतो. तीन वर्षांत सहा डॉक्टर आले-गेले तरी पद कागदावर भरलेलंच दिसतं, आणि क्षयरोगाचं सहा महिन्यांचं औषध घेणाऱ्या रुग्णाला मधल्या मध्ये नवा चेहरा बघून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. त्याऐवजी तीन गोष्टी मोजाव्यात: एकाच जागी तीन वर्षं टिकलेले किती, महिन्यात किती रात्री नर्स एकटी होती, आणि मागितलेल्या रजेपैकी किती मिळाली. यासाठी नवं सर्वेक्षण नको. ही माहिती बहुतेक कार्यालयांत आधीच असते, हजेरीपटात, ड्युटीच्या तक्त्यात आणि नामंजूर झालेल्या रजेच्या अर्जांत.